आवाज आधी झिजतो

आमच्या चर्चमध्ये कुणी वारलं की ओळ मी द्यायची. जमैकात माझ्या आजीच्या गावी बऱ्याच जणांना वाचता येत नसे, म्हणून एका बाईने गीताची ओळ मोठ्याने सांगायची आणि मागून सगळ्यांनी ती गायची, अशी पद्धत होती. लंडनला सगळ्यांना वाचता येतं, पुस्तकंही आहेत, पण कबरीपाशी पुस्तक कोण उघडतं? आमच्यात कबर परकी माणसं बुजवत नाहीत. घरचे पुरुष कोट काढून, बाह्या सारून फावडी घेतात आणि शेवटचं ढेकूळ पडेपर्यंत बायका गातात. कधी अर्धा तास लागतो, कधी जास्त. तेवढा वेळ गाणं थांबता कामा नये. थांबलं की पेटीवर पडणाऱ्या मातीचा आवाज ऐकू येतो.

माझा आवाज जाड. विन्सम म्हणायची, "आयसी, तू ओळ दिलीस की मेलेल्यालाही वाटत असेल, चला, आता निघायलाच हवं."

विन्सम बेकफर्ड माझी मैत्रीण. दोघी एका बोटीने आलो, एका इस्पितळात फरशा पुसल्या, चर्चमध्ये एका बाकावर बसलो. तिचा नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा, केस्टर. माझा लेनॉक्स आणि तो एका वर्षाचे. लंडनच्या डेप्टफर्ड भागात तीन उंच इमारती शेजारी शेजारी आहेत. पहिलीत चौथ्या मजल्यावर आम्ही, मधलीत तिसऱ्यावर ती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकमेकींना हात करता यायचा.

माझा नवरा विल्बर्न सुतार होता. आठवडाभर लोकांची कपाटं करायचा आणि शनिवारी स्वतःचं साउंड, म्हणजे प्लेअर आणि स्पीकरांचा ताफा, घेऊन हॉलमध्ये रेकॉर्ड वाजवायला जायचा. त्याची स्पीकरची खोकी कपाटाएवढीच असत. ती वाजायला लागली की पेल्यातलं पाणी थरथरायचं. त्यातलं एक खोकं बैठकीच्या खोलीत कायमचं राहिलं. मी त्यावर विणलेला रुमाल टाकला, प्लॅस्टिकची फुलं ठेवली, वर येशूची तसबीर लावली. पाहुण्यांना ते टेबल वाटायचं.

केस्टरच्या घरी रेडिओ नव्हता. विन्समचं म्हणणं, चर्चबाहेरचं संगीत ही सैतानाची पायरी. अकरा वर्षांचा असताना तो एकदा आमच्याकडे आला, तेव्हा विल्बर्न फुलं बाजूला ठेवून काहीतरी वाजवत होता. तो म्हणाला, "ये पोरा, पाठ टेकून बस इथे. कानाने नाही, पाठीने ऐक." केस्टर बसला. गाणं संपलं तरी उठेना. मी जाऊन बघते तर डोळ्यात पाणी.

"काय झालं रे?"

"आंटी, पोटात कुणीतरी बोलतंय."

"भूक लागली असेल," लेनॉक्स म्हणाला.

"गप रे. भूक वरच्या आवाजात बोलते. हे खाली बोलतंय."

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला. विन्समने विचारलं की मी सांगायची, "अभ्यासाला आलाय." पहिलं खोटं ते. फार लहान होतं, मला जडही गेलं नाही.

विल्बर्न गेला, पोरं मोठी झाली. त्यांच्या हातात गेल्यावर संगीत वेगळंच झालं. वर ढोलकांचे तुकडे तुकडे करून दुप्पट वेगाने पळवायचे आणि खाली तोच आमचा जुना संथ बेस, म्हणजे खर्जातला जाड सूर. जंगल म्हणायचे त्याला. वरचं पळतंय, खालचं चालतंय. मला वरचं कधी कळलं नाही, पण बेस सुरू झाला की मी भांडी घासायची थांबायची. केस्टर दोन-दोन आठवडे एका बेसवर काम करायचा. लेनॉक्स त्याला चिडवायचा, "अजून एकच सूर? कोंबडीसुद्धा एवढ्यात अंडं उबवते."

"तुझी कोंबडी उबवते, पण पिल्लू बहिरं निघतं."

तिसऱ्या इमारतीत एका रिकाम्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पोरांनी चोरटं रेडिओ स्टेशन मांडलं होतं. एरियल मधल्या इमारतीच्या गच्चीवर, कारण ती सगळ्यात उंच. दर रविवारी दोन ते तीन लेनॉक्सचा तास, तीन ते चार केस्टरचा. चर्चमधून येऊन जेवण मांडेपर्यंत तिन्ही इमारतींच्या खिडक्यांतून तेच ऐकू यायचं. विन्सम मात्र तेवढा वेळ आपल्या खिडक्या घट्ट लावून घ्यायची. केस्टर आईला सांगायचा, बायबलच्या वर्गाला जातो. आणि मी मान डोलवायची.

दोघे एकमेकांचे जिवलग, पण हवेवर, म्हणजे रेडिओवर, वैरी. साउंडवाल्यांचं ते पूर्वीपासून असंच. समोरच्याला मेलेला ठरवायचं, त्याच्या नावाने प्लेट, म्हणजे एकाच प्रतीची खास रेकॉर्ड, काढायची, त्याला पुरायचं. विल्बर्नच्या वेळी तर एकाने समोरच्याच्या नावाची खरी शवपेटी हॉलच्या दारात आणून ठेवली होती, आणि ज्याची पेटी तोच तिच्यावर बसून बिअर प्यायला होता.

त्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, फेब्रुवारीत लेनॉक्स कागद घेऊन माझ्याकडे आला. "आई, एवढं वाच ना माइकवर. तुझ्या चर्चच्या आवाजात."

कागदावर लिहिलं होतं: केस्टर मेला, त्याचं साउंड मेलं, फुलं आणा.

"हे काय?" मी म्हटलं. "माती अशी देतात होय? कुत्रं पुरतोयस का?"

"मग कशी देतात?"

त्याने कपाटाचं दार उघडून आवाज घुमू नये म्हणून मला कोटांमध्ये उभं केलं. मी कागद बाजूला ठेवला आणि कबरीपाशी म्हणते तसं म्हटलं. "बंधू-भगिनींनो, आज आपण केस्टर इमॅन्युएल बेकफर्ड, विन्सम बेकफर्डचा एकुलता एक मुलगा, याला मातीच्या स्वाधीन करायला जमलो आहोत. माती मातीला, राख राखेला." पूर्ण नाव आणि आईचं नाव. आमच्यात त्याशिवाय माती होत नाही. माझ्या तोंडून सवयीने गेलं. लेनॉक्स हसून पलंगावर लोळत होता. मीसुद्धा हसले, कोटांत तोंड खुपसून.

मग त्याने माझा आवाज जरासा खाली ओढला, त्यात घुमारा भरला. लोकांना ओळखीचा वाटावा पण नाव सापडू नये, इतपत. आणि त्याखाली बेस लावला तो केस्टरचाच. केस्टरने दोन आठवडे उबवून आपणहून त्याला दिलेला. सगळी गंमत तीच होती, त्याच्याच बेसने त्याला पुरायचं.

प्लेट कापायला मीही गेले. तळघरात एक म्हातारा मशीनवर बसला होता. काळ्या चकतीवरून सुई फिरत होती आणि केसासारखा काळा धागा निघून नळीत ओढला जात होता. नेलपॉलिशसारखा वास. म्हातारा लेनॉक्सला म्हणाला, "ही काही दुकानातली रेकॉर्ड नाही. मऊ असते. दरवेळी सुई थोडी खरवडते. पन्नास-साठदा नीट वाजेल, मग झिजायला लागेल."

"म्हणजे सगळं पुसतं?" मी विचारलं.

"वरचं आधी, बाई. बोलणं, झांजा. आवाज आधी झिजतो. बेस खोल कोरलेला असतो, तो मागे राहतो."

पहिल्या रविवारी लेनॉक्सने ती लावली आणि स्टेशनचा फोन बंदच होईना. चार वाजता केस्टर आपला तास संपवून दारात. मला वाटलं रागावला असेल. तो आत येऊन माझ्या पायाशी आडवा पडला, हात छातीवर जोडून.

"आंटी, एवढं छान पुरलंत, आता जेवायला तरी उठवा."

"ऊठ मेल्या."

"बघा, पुन्हा मेल्या म्हणाल्या." त्याने राजम्याचा भात दोनदा घेतला. "पुढच्या महिन्यात मी लेनॉक्सला पुरणार. पण बाई तुम्हीच हव्यात. माझी आई काही येणार नाही."

"तिला कळू देऊ नकोस," मी म्हटलं.

"तुम्ही सांगू नका, मी सांगत नाही."

मार्चचा दुसरा रविवार. सकाळपासून वारा होता, मधून पावसाचा शिडकावा. अडीचला रेडिओ खरखरायला लागला. खरखरीतूनही लेनॉक्स हवेवरच ओरडत होता, "केस्टर, एरियल हललाय रे. झोपलायस काय? जा वर." पाच मिनिटांत केस्टर माझ्या दारात उभा.

"आंटी, अंकलचा मोठा पाना द्या."

मी पाना काढून दिला. त्याच्या पायात चर्चचे बूट होते. विन्सम दर शनिवारी पॉलिश करून ठेवायची ते, चामड्याच्या गुळगुळीत तळाचे.

"बूट बदल रे. लेनॉक्सचे घाल."

"नको, घरी जाताना विसरेन. आईने पाहिलं तर विचारेल, बायबलच्या वर्गात बूट कसे बदलले."

"मग जेवून जा."

"आल्यावर. झाकून ठेवा."

मी झाकून ठेवलं. पाव तास नुसती खरखर. मग एकदम लख्ख आवाज आला, लेनॉक्सचा, हसरा. "आला! केस्टर बेकफर्ड, जिवंत आहेस ना रे? नसशील, कारण हे तुझ्यासाठी." आणि प्लेट लागली. सगळ्या खिडक्यांतून माझा आवाज. बंधू-भगिनींनो. मी ताटावरचं झाकण उचलून भात गार झालाय का ते बघत होते, आणि खरं सांगते, गालातल्या गालात हसत होते.

खालून कुणीतरी किंचाळलं. मी खिडकीशी गेले. मधल्या इमारतीच्या पायाशी, गवत आणि फरशीच्या कडेला, माणसं धावत होती. समोर तिसऱ्या मजल्यावर विन्सम खिडकी उघडून उभी होती. ती खाली बघत होती. रेडिओ चालूच होता. माती मातीला, राख राखेला, आणि त्याखाली केस्टरचा बेस.

तासाभरात पोरांनी स्टेशन उचललं. संध्याकाळी पोलीस घरोघर फिरले, कुणी काही बोललं नाही. आमच्या दारातल्या पोलिसाने विचारलं, "त्या रेकॉर्डिंगमधली बाई कोण, माहीत आहे का?" मी म्हटलं नाही. लेनॉक्स स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, फ्रिजला पाठ लावून.

"मीच सांगितलं त्याला वर जायला," तो म्हणत राहिला. "हवेवर. सगळ्यांनी ऐकलं."

तिसऱ्या दिवशी विन्समने मला बोलावलं. पलंगावर केस्टरचा सूट काढून ठेवला होता. त्याची मशीनं, फ्लॉपी, रेकॉर्डी तिने तोवर कचऱ्यात टाकल्या होत्या. एवढं सगळं तो घरातच लपवून होता हे तिला त्या आठवड्यात कळलं होतं. माझ्यावर तिने एक शब्द काढला नाही. ती सुटाच्या बाह्या सरळ करत होती.

"ओळ तू देशील ना?" ती म्हणाली.

"मी नाही तर कोण?"

"तू पूर्ण नाव घेऊन देतेस. तसंच दे. माझंही नाव घे."

मी घरी आले आणि लेनॉक्सला सांगितलं. त्याने माझा हात धरला.

"आई, नको. तू कबरीपाशी तोंड उघडलंस की सगळ्यांना कळेल तो आवाज कुणाचा. मग विचारतील प्लेट कुणी काढली. मग वर कुणी पाठवलं. मला नेतील आई."

"तिने मागितलंय रे. विन्समने."

"तिला तू दुसरं काहीही दे. हे नको."

"ती माझी बहीण आहे."

"आणि मी?"

चार दिवस मी दोघांमध्ये उभी होते. पोलीस परत एकदा येऊन गेले. आता कळतं, त्यांनी बहुधा काही केलं नसतं. एकवीस वर्षांच्या पोराला गमतीची प्लेट वाजवली म्हणून कोण नेतं? पण आमच्या पोरांना त्याहून कमी कारणाने नेलेलं मी पाहिलं होतं. त्या आठवड्यात मला तेवढंच दिसत होतं.

मातीच्या दिवशी मी गळ्याला लोकरी मफलर गुंडाळला. चर्चच्या दारात विन्समच्या कानाशी लागून कुजबुजले, "घसा बसलाय गं. आवाजच फुटत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. मग मफलरचं सुटलेलं टोक उचलून नीट आत खोचलं, लहान मुलाचं खोचतात तसं.

कबरीपाशी माझ्या जागी चर्चमधल्याच सिस्टर मर्लिनने ओळ दिली. ती बिचारी पहिल्यापासून चढ्या सुरात गेली. बायका मागून गायला लागल्या, पण दुसऱ्या कडव्याला कुणाचाच आवाज पोहोचेना. गाणं तुटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं. मग कुणी सुरू केलं नाही. सहा फावडी चालत होती, त्यातलं एक लेनॉक्सच्या हातात. ओल्या मातीचं ढेकूळ पेटीवर पडलं की खोल, बसका धप्प आवाज यायचा, आणि तो कानात नव्हे, पोटात लागायचा. अर्धा तास आम्ही सगळे ते ऐकत उभे होतो. केस्टरला बहुतेक आवडला असता. मला तो विचार तिथेच आला, आणि मी मफलर तोंडावर दाबला.

फुलं ठेवून झाल्यावर लोक पांगले. विन्सम माझ्याजवळ आली. हातमोजे काढत होती, एकेक बोट सोडवत.

"रविवारी तर चांगला होता," ती म्हणाली.

मी मफलरची गाठ घट्ट केली.

"घसा. खिडकीतून ऐकला मी. तेहतीस वर्षं शेजारी बसून गातेय, आयसी. लेनॉक्सने त्याचं काहीही केलं तरी मला कळणार नाही?"

"विन्सम—"

"पोलिसांना सांगायचं असतं तर त्याच संध्याकाळी सांगितलं असतं. लेनॉक्स माझ्या हातचं खाऊन वाढलाय." तिने हातमोजे पर्समध्ये ठेवले. "हसत हसत म्हणालीस ना ते, माझ्या मुलाचं नाव घेऊन? मला वाटलं, एकदा खरं म्हणशील. म्हणजे ते आधीचं पुसलं जाईल. म्हणून तुला मागितलं."

आणि ती गाडीकडे गेली.

पुढे बोलणं बंद झालं असं नाही. तेच तर कठीण होतं. ती पुढच्या रविवारी त्याच बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसली. गुडघ्यांचं बोलायची, महागाईचं बोलायची. फक्त मी ओळ दिली की तिचं तोंड मिटायचं. एकवीस वर्षं. एकदा आम्ही दोघी बसची वाट बघत होतो, आणि सिग्नलला एक गाडी थांबली, काचा बेसने थडथडत होत्या. कुणीतरी रेडिओवरून टेप करून घेतलेलं होतं. विन्सम बेकफर्डचा एकुलता एक मुलगा, माझा आवाज म्हणाला. विन्सम बसचं वेळापत्रक वाचत राहिली. ते तिला पाठ होतं.

ती गेली तेव्हा पाळकाने तिची चिठ्ठी वाचून दाखवली. सगळं नीट लिहिलं होतं, कोणता पोशाख, नंतरच्या जेवणात कोणता भात. शेवटी एक वाक्य: माझ्या मातीला कुणीही ओळ देऊ नये. त्या दिवशीही आम्ही नुसतीच फावडी ऐकली.

लेनॉक्स आता बर्मिंगहॅमला बस चालवतो. त्या मार्चनंतर त्याने एकही रेकॉर्ड वाजवली नाही. प्लेट त्याने मला दिली होती. "जाळून टाक आई, पटकन पेटते." मी जाळली नाही. केस्टरचा बेस आता बाकी कुठे उरलाय? टेप हरवले, गाड्या भंगारात गेल्या, फ्लॉपी विन्समने टाकल्या. मी प्लेट कपाटात कोटांमागे ठेवली होती. विन्समच्या मातीनंतर काढली.

खोक्यावरची फुलं उतरवली, रुमाल उतरवला, विल्बर्नचा जुना प्लेअर जोडून घेतला. तेव्हापासून दर रविवारी तीन वाजता लावते. माझा आवाज झिजावा म्हणून. म्हाताऱ्याने पन्नास-साठदा म्हटलं होतं, मला खूप जास्त लागले. आधी घुमारा गेला. मग 'राख' गेलं, मग 'माती' गेलं. माझं नुसतं कुजबुजणं राहिलं, नंतर तेही खरखरीत मिसळलं. सगळ्यात उशिरा गेलं ते 'विन्सम'. ते का टिकलं मला माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी कान लावून बसले, आणि ते नव्हतं.

आता फक्त बेस आहे. मी चौऱ्याऐंशीची आहे, जमिनीवर बसले की उठायला खुर्ची धरावी लागते, तरी बसते. पाठ खोक्याला टेकवते. मागच्या रविवारी मनात आलं, आता जागा मोकळी आहे, आता म्हणावं. खरं म्हणावं. मी तोंड उघडलं. "बंधू-भगिनींनो," म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं. "केस्टर इमॅन्युएल बेकफर्ड," म्हटलं. त्याच्या आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि घसा बसला. खरोखरच बसला. मी थांबून राहिले, सुई शेवटच्या रेघेत जाऊन खट खट करेपर्यंत. खालच्या मजल्यावरचा माणूस झाडूच्या दांड्याने छत ठोकत होता. मी खुर्ची धरून उठले, सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.